तक्रार उभ्याने ऐकायची

बाईंशी बोलायचं तर आधी त्या कुठल्या खुर्चीवर बसल्या आहेत ते बघावं लागे. चुकीच्या खुर्चीला विचारलं तर उत्तर मिळत नसे. मिळालंच तर असं मिळे, "ते माझ्याकडे नाही. संपादकांना विचारा." मग मी विचारायचं, संपादक कुठे आहेत? बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या. "जेवायला गेलेत. अर्ध्या तासाने येतील." घरात बाई आणि मी सोडून तिसरं माणूस नसे. अर्ध्या तासाने बाई उठून लाकडी खुर्चीत बसायच्या, चष्मा बदलायच्या आणि म्हणायच्या, "हं, बोला मिस्त्री. फार वेळ थांबलात का?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंचा एक नट ढिला आहे. मी जन्मभर फिटरचं काम केलं, ढिला नट मला लांबून ऐकू येतो. पुढे कळलं की ढिला नव्हता. जरा जास्तच आवळलेला होता.

मी चौथी शिकलो आहे. पाचवीत मास्तरांनी मी न केलेल्या खोडीबद्दल छडी मारली आणि मी शाळा सोडली. मास्तरांनी माफी मागितली असती तर पुढे शिकलो असतो. त्यांनी मागितली नाही, मी गेलो नाही. ते वारले तेव्हा प्रकरण मिटलं. हे सांगायचं कारण, मी लिहायला बसलोय म्हणून घरात हसतायत. हसू देत. बाईंबद्दल लिहायचं तर ज्याने त्यांच्या हाताखाली काम केलं त्यानेच लिहावं, आणि तसा मी एकटाच आहे.

बाई एक वेबसाईट चालवायच्या. कर्वेनगरला सोसायटीत तळमजल्यावर भाड्याचं घर, दोन खोल्या आणि एक बाल्कनी. माणूस आजारी पडला की घरात खाट येते, व्हीलचेअर येते, वॉकर येतो, कमोडची खुर्ची येते. मग माणूस बरा होतो नाहीतर जातो. वस्तू राहतात. कुणाला टाकवत नाहीत, कुणाला बघवत नाहीत. बाईंच्या वेबसाईटवर अशी वस्तू ज्याच्याकडे पडून आहे त्याने टाकायची, ज्याला हवी त्याने मागायची, काम झालं की परत करायची. पैशाचा संबंध नाही. पैसे घ्यायला लागलो तर हिशेबनीस नेमावा लागेल, म्हणायच्या, आणि बसायला जागा नाही.

मी गेलो होतो वॉकर द्यायला. माझ्या बायकोचा. ती गेल्यावर तो घरात जिथे तिथे पायात यायचा. मी म्हटलं, हा घ्या. बाईंनी घेतला नाही, कॉम्प्युटर पुढे केला. "तुम्हीच टाका."

मी टाकायला लागलो. उंची विचारली, दिली. घडी होते का विचारलं, होते म्हटलं. खाली एक हिरवा चौकोन होता तो दाबला, तर सगळं पुसून गेलं. परत भरलं, परत गेलं. मी म्हटलं, "बाई, तुमचं यंत्र नीट नाही."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, काका, तुम्हाला येत नाही, द्या इकडे. माझा मुलगा तेच म्हणतो. बाई उठल्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बोला. काय तक्रार आहे?"

"आता सांगितली की."

"ती लेखकाला सांगितलीत. तक्रार विभाग इथे आहे."

मी परत सांगितली. सगळं ऐकून होईपर्यंत बाई उभ्या होत्या. मी म्हटलं, बसा की. म्हणाल्या, "तक्रार उभ्याने ऐकायची. बसलं की माणूस आपली बाजू मांडायला लागतो."

मग लोखंडी स्टुलावर बसून त्यांनी काहीतरी खुडबुड केली. मी दाबलं, पुसलं गेलं. परत खुडबुड. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला मी दाबलं आणि पुसलं गेलं नाही. बाई स्टुलावरून उठल्या, लाकडी खुर्चीत बसल्या, आणि माझी तपासनीस म्हणून नेमणूक झाली. पगार नाही, चहा दोनदा. मी दाबून बघितल्याशिवाय एकही पान लोकांना दिसायचं नाही असं ठरलं. माझी बोटं जाड आहेत, डोळ्यात मोतीबिंदू होऊन गेलेला, आणि वाचायला मला वेळ लागतो. बाईंच्या मते या कामाला याच्याहून लायक माणूस पुण्यात मिळाला नसता. त्यांनी हे तोंडावर सांगितलं. मी मान म्हणून घेतलं.

बाई मूळच्या नागपूरच्या, पण उभी नोकरी पुण्यात झाली. एका कारखान्याच्या स्टोअरला होत्या. तिथे वस्तू मागणारा एक, मंजूर करणारा दुसरा, काढून देणारा तिसरा. साधा स्क्रू असला तरी तीन माणसं. लोक वैतागायचे. बाईंना मात्र त्यातच देव दिसला. "एकाच माणसाच्या हातात तिन्ही कामं दिली की चोरी होते," म्हणायच्या. "चोरी नाही झाली तर चूक होते. चूक नाही झाली तर माज येतो. आणि माज सगळ्यात वाईट, तो स्टॉक मोजताना सापडत नाही."

वेबसाईट सुरू केली तेव्हा पंचाईत ही झाली की माणूस एकच. मग बाईंनी स्वतःच्याच वाटण्या केल्या. लेखक खिडकीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्याला चष्मा नव्हता. लेखकाने फार बारीक बघू नये, ते संपादकाचं काम. संपादक लाकडी खुर्चीत, तपकिरी चष्मा लावून. चित्रं, रंग, अक्षरं किती मोठी, हे सगळं बघणारा सजावट विभाग बाल्कनीतल्या लोखंडी खुर्चीवर, कारण त्याला उजेड लागतो. तंत्रज्ञ स्टुलावर, वेगळा चष्मा लावून. स्टूल मुद्दाम टोचणारं ठेवलेलं, म्हणजे तो उगाच बसून राहणार नाही. तक्रार विभागाला आसन नाहीच.

यांच्यात भांडणं होत. एकदा सजावटीने ठरवलं की तो हिरवा चौकोन भगवा करायचा. तंत्रज्ञ म्हणाला, आहे ते चालतंय, हात लावणार नाही. पुढे कितीतरी दिवस बाई बाल्कनीत गेल्या की तोंड फुगवून बसत आणि स्टुलावर आल्या की पाठ बाल्कनीकडे करून बसत. मी म्हटलं, बाई, मिटवा की. बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या दोघांचं जमत नाही. मी मध्ये पडत नाही." शेवटी तो चौकोन निळा झाला. दोघांनाही आवडला नाही, म्हणून भांडण संपलं.

बाईंचा भाचा हिंजवडीला आयटीत आहे. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, पोरगा सरळ आहे. पहिल्यांदा खुर्च्यांचा प्रकार बघून खूप हसला. "मावशी, आता एकटा डेव्हलपर हे सगळं करतो. फ्रंट एंड, बॅक एंड, सगळं."

"एकटा?"

"एकटा."

"मग त्याची चूक त्याला कोण सांगतं?"

भाचा म्हणाला, "आमच्याकडे चौदाजण आहेत मावशी, तरी कुणी कुणाला सांगत नाही. मीटिंग असते, पण त्यात सगळं छान चाललंय एवढंच सांगायचं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही क्यूए आहात, म्हणजे लोकांच्या आधी दाबून चुका शोधणारा. खरंच. कंपनीत अशी वेगळी पोस्ट असते."

मी विचारलं, पगार किती असतो. त्याने सांगितला. मी विषय बदलला.

बाईंनी नियम मोडल्याचं मी एकदाच पाहिलं. दिवाळीची घाई होती, फोनवर फोन येत होते. एका घराने व्हीलचेअर टाकली होती. बाई स्टुलावर होत्या, उठायचा कंटाळा केला आणि तंत्रज्ञाच्या चष्म्यातूनच संपादकाचं काम उरकून पान चढवलं. मलाही दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी एक माणूस गावाकडून वडलांना घेऊन एसटीने स्वारगेटला उतरला, तिथून रिक्षा करून ज्या घरी खुर्ची होती तिथे गेला. खुर्ची लहान मुलाची होती. म्हातारा धिप्पाड. मुलगा म्हणाला, बसून तर बघा आबा. म्हातारा म्हणाला, आता ह्या वयात ह्यात बसवतोस का मला. तिथून ते दोघं बाईंच्या घरी आले.

बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्या माणसाने जे जे बोलायचं ते बोलून घेतलं. बाईंनी एकदाही "घाई होती हो" म्हटलं नाही. त्यांना जेवायला घातलं, आणि संध्याकाळपर्यंत फोन करून मोठी खुर्ची मिळवली. मग तंत्रज्ञाने संपादकाचं काम परस्पर केलं म्हणून त्याला ताकीद दिली. ताकीद देताना लाकडी खुर्चीतून दिली आणि ऐकायला स्टुलावर जाऊन बसल्या. मी समोर होतो. मी हसलो नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच.

माझ्या वॉकरचं सांगायचं राहिलं. तो मी परत नेलाच नव्हता, बाईंच्या कोपऱ्यात उभा होता. त्याचं पान लेखकाने लिहिलं, संपादकाने बघितलं, आणि माझ्याकडे तपासायला आलं. मी परत पाठवलं. फोटोत एक पाय नीट दिसत नव्हता. दुसरा फोटो आला, त्यात सावली होती. मग उंची इंचात होती, सेंटिमीटरमध्ये हवी होती. मग "चांगल्या स्थितीत" असं लिहिलं होतं. चांगल्या म्हणजे किती चांगल्या, वाचणाऱ्याने काय समजायचं? बाकीचे वॉकर आले, गेले, परत आले. हा तिथेच. बाईंनी दर वेळी दुरुस्ती केली, दर वेळी माझ्यापुढे ठेवलं, आणि मी परत पाठवलं की "बरं" एवढंच म्हणाल्या. ते पान खरोखरच सदोष होतं, हे मी आजही सांगतो.

मग बाई पडल्या. लाकडी खुर्चीतून उठून स्टुलाकडे निघाल्या होत्या, वाटेत कॉम्प्युटरच्या वायरीत पाय अडकला. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात मी भेटायला गेलो तर बाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "मिस्त्री, अपघात कुठल्या विभागात झाला ते ठरत नाही. संपादक म्हणतात आम्ही उठलो होतो. तंत्रज्ञ म्हणतात आमच्याकडे अजून आल्या नव्हत्या." मी म्हटलं, "रस्त्यात झाला म्हणून लिहा." बाईंना ते पटलं.

ऑपरेशन झालं, घरी आणलं. दिवसा एक कामवाली मदतीला यायची, रात्री भाचा. पण घरात झोपायला होता तो बुटका दिवाण. डॉक्टरांनी सांगितलं, बुटक्या बिछान्यावरून उठायचं नाही, खुबा निसटेल. आणि न उठता पडून राहायचं नाही, मग कायमच्याच पडून राहाल. उंच खाट हवी, पाठीला उचलून धरणारी, आणि या आठवड्यात हवी.

भाचा म्हणाला, "मी भाड्याने आणतो, मावशी. आत्ता मागवली तर संध्याकाळी येते."

"दुकानातून?"

"हो, मग?"

"लोकांना सांगायचं, वेबसाईटवरून घ्या. आणि आपल्यावर आलं की दुकानात पळायचं. मग ही कशाला चालवली? बंद करून टाक."

"मावशी, हट्ट करायची ही वेळ आहे का?"

"हट्टाला वेळ लागत नाही," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार. मी मास्तरांचं साठ वर्षं धरून ठेवलेला माणूस.

वेबसाईटवर खाट एकच होती. कोथरूडच्या एका घरातली, हँडल फिरवून पाठ उचलणारी. तिला मागणी दोन. एक खडकीच्या एका माणसाची, त्याच्या आईसाठी. दुसरी बाईंची. बाईंनी पडल्या पडल्या मोबाईलवरून रीतसर टाकली होती. मग उशाशी ठेवलेला तपकिरी चष्मा लावला, दोन्ही मागण्या वाचल्या आणि स्वतःची नामंजूर केली. कारण लिहिलं, अर्जदाराकडे दिवाण आहे.

मी संध्याकाळी आलो तेव्हा मला हे कळलं. भाचा बाल्कनीत डोकं धरून बसला होता. मी दिवाणाजवळ गेलो.

"बाई, हे नियमात बसत नाही."

"काय बसत नाही?"

"मागणारी तुम्ही. मंजूर-नामंजूर करणारी पण तुम्ही."

"मी घेतली कुठे? नाकारली."

"घेतली काय, नाकारली काय. हात तोच. तुम्हीच सांगता, एका हातात दिलं की चोरी होते, नाहीतर चूक होते, नाहीतर माज येतो. चोरी नाही झाली हे मला दिसतंय. उरलेल्यातलं कुठलं ते तुम्ही बघा."

बाई एरवी पुणेरी बोलायच्या, पण संतापल्या की नागपूर बाहेर यायचं. "काय बोलून राहिले तुम्ही मिस्त्री! मी इथे पडून आहे, आणि तुम्ही मला नियम शिकवून राहिले?"

"तक्रार आहे माझी."

"तक्रार विभाग बंद आहे. उभं राहता येत नाही."

 बाईंनी छताकडे बघितलं. मग तपकिरी चष्मा काढून मिटला आणि माझ्याकडे दिला. "एवढ्या एका कामापुरते तुम्ही संपादक. जा, बसा तिकडे."

मी लाकडी खुर्चीत पहिल्यांदा बसलो. चष्म्यातून मला काही दिसेना, तो मी हातातच धरला. भाचा बाल्कनीच्या दारात येऊन उभा राहिला. मी बाईंची मागणी पुढे घेतली आणि एकेक विचारलं, जसं त्या लोकांना विचारायच्या.

"अर्जदाराचं वय?"

"लिहिलंय."

"घरी कोण आहे?"

"भाचा. नोकरीवाला. रात्री घोरतो."

"आणखी?"

"एक मिस्त्री येतो."

"तो काय करतो?"

"चुका काढतो."

"खाट नाही मिळाली तर काय होईल?"

 भाच्याने दार धरलं होतं. "उठता येणार नाही," बाई म्हणाल्या. "मग कधीच."

मी खडकीला फोन लावला. माणूस कारखान्यातला, क्वार्टरमध्ये राहणारा. मी विचारलं, आईला काय झालंय. म्हणाला, "काका, ती पडूनच आहे. कूस बदलता येत नाही. पाठीला जखमा झाल्यात, हाताने उचलून ड्रेसिंग करतो. लागलं तरी बोलत नाही ती, नुसती बघते."

"किती दिवस झाले?"

"मोजत नाही आता."

मी फोन ठेवला. दोघंही माझ्याकडे बघत होती. लेथवर माल बसत नसेल तर हातोडी मारून बसवायचा नाही, एवढं मला येतं. मी म्हटलं, "खाट खडकीला."

भाचा म्हणाला, "काका!"

बाई म्हणाल्या, "बरोबर." संपादकाचा निर्णय बरोबर आहे असं त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकलं. मग म्हणाल्या, "अर्जदाराचं काय?"

"अर्जदाराने उद्यापर्यंत थांबावं."

सकाळी मी माझा कटर, ड्रिल आणि नटबोल्टचा डबा घेऊन आलो. बाईंना धरून अलगद एका अंगाला घेऊन भाच्याच्या गादीवर ठेवलं, तीन माणसांनी. मग बाल्कनीत बसून तंत्रज्ञाचं स्टूल कापलं. सजावटीची लोखंडी खुर्ची कापली. त्यातून चार तंगड्या काढल्या, आडवे पट्टे मारले आणि दिवाण त्यांच्यावर चढवून बोल्ट केला. सोसायटीचे सेक्रेटरी आवाजाची तक्रार घेऊन आले. भाच्याने सांगितलं, तक्रार विभाग बंद आहे. लेखकाची प्लास्टिकची खुर्ची उशाला उलटी टाकून बांधली, तिच्या पाठीवर उशी, म्हणजे टेकून बसता येईल. डॉक्टरांच्या मापाने उंची बरोबर आली. दिसायला वाईट झालं होतं, ते मी नाकारत नाही.

बाईंना वर बसवलं. त्यांनी खाली वाकून बघायचा प्रयत्न केला. "माझे विभाग?"

"खाली आहेत. एक पाठीशी आहे."

"ही देणगी की दुरुस्ती?"

"दुरुस्ती."

"मग अर्ज नको," बाई म्हणाल्या, आणि टेकल्या. खाटेने करकर आवाज केला.

आता उतरायला आणि उभं राहायला वॉकर हवा. वेबसाईटवर बघितलं तर सगळे बाहेर गेलेले. भाचा म्हणाला, "तो कोपऱ्यातला आहे ना?"

"त्याचं पान मंजूर नाही," बाई म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

मी भाच्याकडून कॉम्प्युटर घेतला. पान काढलं. सावकाश वाचलं, माझ्या सवयीप्रमाणे. फोटो बघितला. चारही पाय दिसत होते. सावली नव्हती. उंची सेंटिमीटरमध्ये. "चांगल्या स्थितीत" खोडून तिथे लिहिलं होतं, "एकाच माणसाने वापरलेला, जपून."

"पान दुरुस्त झालंय," मी म्हटलं, आणि निळा चौकोन दाबला.

त्या दिवशी नाही, तिसऱ्या की चौथ्या दिवशी, व्यायाम शिकवणारी पोरगी आली आणि तिने बाईंना खाटेच्या कडेला आणलं. बाईंनी वॉकर धरला. धरायची जागा माझ्या बायकोच्या हाताने गुळगुळीत झालेली आहे. बाई उठल्या. पोरगी म्हणाली, बास आजी, आज एवढंच. बाईंनी ऐकलं नाही. एकेक पाऊल टाकत, घाम पुसत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथे वळून उभ्या राहिल्या.

"तक्रार विभाग चालू झाला," म्हणाल्या. "पहिली तक्रार माझीच. खाट करकरते."

भाचा हसला आणि मग बाल्कनीत निघून गेला. त्याला तिथे काही काम नव्हतं.

पुढे उन्हाळ्यात बाईंची थोरली बहीण नागपूरहून आली आणि त्यांना घेऊन गेली. दोघी आता एकत्र राहतात. जाण्याआधी बाईंनी घर रिकामं केलं आणि ती खाट वेबसाईटवर टाकली. वर्णन स्वतः लिहिलं, "घरी बनवलेली खाट. मजबूत. दिसायला वाईट." चष्मा त्यांनी परत घेतलाच नव्हता, म्हणून मी संपादक या नात्याने सांगितलं, शेवटचे दोन शब्द काढा. म्हणाल्या, "संपादकाला सुचवता येतं. लेखकाकडून खोटं लिहून घेता येत नाही." ते शब्द राहिले. तरी वडगावच्या एका घराने खाट दुसऱ्याच दिवशी नेली, एका आजोबांसाठी. वॉकर बाईंनी नागपूरला नेला. रीतसर मागणी टाकून नेला, आणि मी मंजूर केला.

वेबसाईट चालू आहे. तंत्रज्ञ भाचा आहे, रविवारी बसतो. लाकडी खुर्ची माझ्या घरी व्हरांड्यात आहे, तिच्यात मी बसतो. तपकिरी चष्म्याला माझ्या नंबरच्या काचा घालून घेतल्या. घरात मला हाक मारली आणि मी खुर्चीत असलो तर मी ओ देत नाही, यावरून सून बोलते. तिने आधी खुर्ची बघावी.

तक्रार विभाग तेवढा बाईंनी बरोबर नेला. वस्तू घेऊन गेलेल्या माणसांना त्या नागपूरहून एकेक फोन करतात आणि मग मला करतात. काल दुपारी आला.

"संपादक का?"

"बोलतोय. उभ्या आहात का?"

"उभी आहे."

"वॉकर धरून?"

"नुसती. बोलू का आता? वडगावची तक्रार आहे. खाट करकरते. आजोबांची झोप मोडते."

मी म्हटलं, "हे दुरुस्तीचं काम झालं. माझ्याकडे येत नाही."

"मग मिस्त्रींना द्या."

"मिस्त्री बाहेर गेलेत. अर्ध्या तासाने येतील."

"बरं," म्हणाल्या आणि ठेवला.

मी खुर्चीतून उठलो. तपकिरी चष्मा काढून दुसरा लावला, पान्हा आणि तेलाची बाटली पिशवीत घातली. वडगाव लांब आहे आणि स्वारगेटला गर्दी असते, म्हणून अर्धा तास व्हायच्या आतच निघालो.